काटा कारखान्याची सभा

“डोकी मोजायची असतात, हे विसरू नका,” तेलंग सर म्हणाले आणि खडू टेबलावर टाकून त्यांनी हात झटकले. “दोन कंपन्या एक करायच्या तर कायदा सभेकडून दोन गोष्टी मागतो. पहिली, पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश किमतीचे शेअर बाजूने हवेत. ते मालकाच्या कपाटातच असतात, त्याची काळजी नाही. दुसरी अट वाईट. मत देणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त माणसं बाजूने हवीत. इथे लाख शेअरवाला म्हणजे एक डोकं आणि एक शेअरवालाही एकच डोकं. भल्याभल्या योजना इथे आडव्या झाल्यात.”

मुंबईतल्या आमच्या लॉ कॉलेजात हा तास संध्याकाळी असायचा. सर हायकोर्टातून थेट यायचे, गळ्यात पांढरे बँड तसेच. कंपन्यांचं विलीनीकरण, खरेदी-विक्री, त्यावरची सरकारी बंधनं असा तो रुक्ष विषय, पण सर तो कुस्तीचे डाव सांगावेत तसे सांगायचे. मी कोल्हापूरकडची, मला डाव कळतात. परीक्षा झाली की जूनपासून त्यांच्याच ऑफिसात रुजू व्हायचं, हेही ठरलं होतं. माझ्यासारख्या मिस्त्रीच्या मुलीला फोर्टातल्या त्या ऑफिसात कुणी पाण्याचा ग्लासही विचारला नसता. सरांनी खुर्ची देऊ केली होती.

“मग काय करायचं, सर?” मी विचारलं.

“डोकी गोळा करायची, सुतार. छोटा भागधारक विरोध करायला येत नसतो. तो फक्त विचारतो, सही कुठे करू? तेव्हा त्यांच्या विश्वासातला एक माणूस शोधायचा आणि सगळ्यांच्या प्रॉक्सी त्याच्या नावावर घ्यायच्या. प्रॉक्सी म्हणजे?”

“माझ्या वतीने सभेत मत द्यायचा अधिकार मी दुसऱ्याला लिहून देणं.”

“शाब्बास. मॅनेजरच्या नावावर मागितल्या तर लोक बिचकतात. त्यांच्यातल्याच माणसाच्या नावावर मागा, रांग लागते. सध्या एका ठिकाणी मी हेच करवून घेतोय.”

वर्ग हसला. मी आणखी एक प्रश्न टाकला, मला शेवटचा प्रश्न टाकायची खोडच होती.

“आणि ज्याने प्रॉक्सी दिली तो स्वतःच सभेला आला तर?”

“तर प्रॉक्सी गळून पडली. माणूस स्वतः समोर उभा असताना त्याच्या प्रतिनिधीला कोण विचारणार? पण तो येत नाही,” सर बँड सोडवत म्हणाले, “कारण हे त्याला कुणी सांगत नाही.”

त्याच आठवड्यात मी अभ्यासाची सुट्टी म्हणून माळेवाडीला घरी आले.

माळेवाडी म्हणजे काटा कारखाना आणि काटा कारखाना म्हणजे माळेवाडी. शिरगुप्पे तोलकाटे लिमिटेड हे नाव फक्त फाटकावरच्या पाटीला माहीत. गुळाच्या अड्ड्यावरचे, रेशन दुकानातले, बाजार समितीतले काटे आमच्याकडे बनायचे. माझे वडील, ज्योतिराम सुतार, तिथे साचे करणारे मिस्त्री. त्यांना घरात आम्ही आबा म्हणायचो, बाहेर सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. कारखान्यात कुणाचा हात कापला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची दारू सुटेना, पहिली हाक आबांना.

मी पिशवी टेकवली तेव्हा आई चुलीशी होती आणि आबा पाट ओढून जेवायला बसत होते. फडताळावर एक जाड इंग्रजी पुस्तिका पडली होती. हायकोर्टाच्या आदेशाने बोलावलेल्या भागधारकांच्या सभेची नोटीस. वर नाव: शिरगुप्पे तोलकाटे लिमिटेड.

“आबा, हे काय?”

“त्ये व्हय? आपला कारखाना मुंबईच्या मोठ्या कंपनीत मिसळणार हाय. परवा सोमवारी सभा हाय.”

“आणि तुमच्याकडे कशी आली?”

“आमी बी भागधारक हाय की गं,” आबा हसले. “दादासाहेबांचा परसाद न्हाई का?”

हा प्रसाद सांगायला हवा. कारखान्याचे संस्थापक दादासाहेब शिरगुप्पे दरवर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की, ज्या कामगाराची दहा वर्षं भरली असतील त्याला पुढे बोलवायचे आणि आपट्याच्या पानाबरोबर कंपनीचा एक शेअर त्याच्या हातावर ठेवायचे. एकच. बाकी गावांत लोक असा कागद विकून मोकळे झाले असते. आमच्याकडे तो काच लावून देव्हाऱ्याशेजारी टांगला जायचा आणि त्याला हळदकुंकू वाहिलं जायचं. दसऱ्याला मिळालेलं सोनं कुणी विकत नाही. आणि त्या कागदाला मत असतं, दरवर्षी सभेला जायचा हक्क असतो, हे गावात एकालाही माहीत नव्हतं. सभा म्हणजे मालकांच्या घरचं कार्य, तिथे आपण कशाला कडमडायचं, अशी सगळ्यांची समजूत. दादासाहेब गेले, मुलं मुंबईत राहायला गेली, तरी कागद भिंतीवर होतेच. कामावरचे, निवृत्त झालेले, गेलेल्यांच्या बायका, सगळे मिळून काही शे माणसं कारखान्याची मालक होती आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

मी पुस्तिका चाळू लागले आणि भूक मेली.

“आबा, दहा शेअरला त्यांचा एक शेअर मिळणार. ज्याच्याकडे दहाच्या आत आहेत त्याला शेअर नाही, नुसते पैसे. म्हणजे तुमच्या सगळ्यांचं नाव कटणार.”

“कटू दे की. नावाचं काय लोणचं घालायचंय?”

“पुढे ऐका. उत्पादन सोयीच्या ठिकाणी हलवायचा पूर्ण अधिकार नव्या कंपनीला राहील. त्यांचा कारखाना गुजरातेत आहे. इथली जमीन हायवेला लागून आहे. त्यांना काटे नकोत आबा, जागा हवी आहे. कारखाना बंद होणार.”

आबांचा घास थांबला नाही. “पाटणकर साहेबांनी सांगितलंया, एक बी माणूस जाणार न्हाई.”

पाटणकर म्हणजे कारखान्याचे जनरल मॅनेजर. 

“हे कुठे लिहिलंय?”

“सगळं लिवायला लागतं व्हय? शब्द दिलाय त्येनी मला. आन मी बी त्येना दिलाय.”

“कसला?”

“सह्यांचा. समद्या लोकांनी माझ्या नावानं सह्या करून दिल्यात. काल ऑफिसात जमा बी झाल्या. सोमवारी मी समद्यांच्या वतीनं हो म्हणायचं, झालं.”

आईने भाकरी तव्यावर उलटली. पुस्तिकेच्या शेवटी कंपनीचे वकील म्हणून तेलंग सरांचंच नाव होतं आणि मला त्यांचा तास आठवला. त्यांच्यातलाच एक विश्वासातला माणूस शोधायचा, रांग लागते. सर ज्या ठिकाणाबद्दल बोलत होते ते ठिकाण माझ्या घरातला पाट होता. ज्या डावावर आम्ही वर्गात हसलो होतो, तो माझ्या बापाला हाताशी धरून माझ्याच गावावर टाकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आबा, सोमवारी तुम्ही विरोधात मत द्यायचं.”

“शब्द दिलाय म्हटलं न्हवं.”

“त्यांनी तुम्हाला फसवून घेतलाय तो!”

“शब्द घेणारा कसा हाय ह्येच्यावर शब्द नसतोय. देणारा कसा हाय त्येच्यावर असतोय.” आबांनी ताटात हात धुतला. “आन तू वकील झाली न्हाईस अजून.”

माझ्या जिभेला हाड नाही असं आई नेहमी म्हणते. त्या दिवशी तिने ते म्हणायचीही तसदी घेतली नाही, नुसती माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली. मी थांबले नाही. आबांच्या पुढ्यात बसले आणि परीक्षेत लिहावं तसं सगळं सांगितलं. किंमत मालकांकडे आहे, ती आपल्या हातात नाही. पण डोकी आपल्याकडे आहेत. तुम्ही शब्द मोडू नका, ठीक. मग लोकांना फक्त एवढंच सांगा की स्वतः सभेला या. माणूस आला की त्याची सही केलेली प्रॉक्सी गळून पडते. तुमच्या हातात काही उरतच नाही. लोक त्यांचं मत स्वतः देतील.

“असं हाय व्हय,” आबा म्हणाले. त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि पारावर गेले. झालं. माझ्या एवढ्या मोठ्या भाषणाला एवढंच उत्तर.

रविवारी सकाळी मी स्वतःच निघाले. म्हटलं, तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. पहिलं घर दत्तू लोहाराचं. आबांबरोबर भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस. त्याने मला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

“तुझं खरं असंल गं पोरी. पण आमी मिस्त्रीला दिलंया. आता मिस्त्रीच्या पाठीमागं जाऊन आमी सभेत उभं ऱ्हायचं? माणूस काय म्हणंल?”

“काका, कारखाना जाईल!”

“मिस्त्री असताना कसा जाईल?”

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, वर कांदेपोहे. पारूबाई कांबळे म्हणून एक विधवा होती, नवऱ्याचा शेअर तिच्या नावावर झालेला. ती तर भडकलीच. “बापाच्या नावाला काळं फासाया निघालीस व्हय गं शिकून? तुझा बाप हाय म्हणून माझी दोन पोरं कारखान्यात लागली!” तिने दार लावून घेतलं. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. या माणसांचा राग नाही, त्यांच्या भरवशाचा राग. एवढा भरवसा कुणी माणसावर टाकतं का? आणि टाकलेला कुणी असा विकत घ्यावा का?

दुपार उलटेपर्यंत मी घरोघर फिरले आणि हात हलवत परत आले. माझ्याआधी बातमी पोचली होती. आमच्या दारात पांढरी अँबॅसडर उभी होती आणि ओसरीवर पाटणकर साहेब चहा घेत होते. शेजारी पेढ्यांचा पुडा.

“ये ये, वकीलबाई,” ते म्हणाले. “गावात प्रचाराला फिरतेस असं ऐकलं.”

“हो. सभा आहे ना उद्या.”

“मिस्त्री, मुलगी हुशार आहे हो तुमची. पण हे व्यवहार पुस्तकातून कळत नाहीत.”

मी ओसरीवर चढले. पुस्तिका माझ्या हातातच होती. “मग तुम्ही समजवा, साहेब. एकही माणूस जाणार नाही असं तुम्ही आबांना सांगितलंत. उद्या सभेत हीच एक ओळ योजनेत घालायला लावा. सभेला दुरुस्ती करता येते. आम्ही सगळे हात वर करू. मी स्वतः घरोघर जाऊन सांगते, हो म्हणा.”

पाटणकर हसले. कप खाली ठेवला. मग परत हसले. “अगं, असं प्रत्येक गोष्ट लिहायला लागलो तर...”

“एकच ओळ, साहेब.”

“ते माझ्या हातात नाही. मुंबईची माणसं ठरवतात.”

“मग शब्द तुमच्या हातात कसा होता?”

त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच ताठ झाला. ते माझ्याशी बोलायचे थांबले. “मिस्त्री, पोरीला आवरा. उद्या काही गडबड झाली तर मला तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल. तुमच्या निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत.”

“शैला,” आबा म्हणाले, “आत जा.”

“आबा...”

“आत जा म्हटलं न्हवं.”

मी गेले. आयुष्यात एवढे पाय आपटत मी कधी कुठे गेले नसेन. आतून मला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग आबांच्या सायकलची साखळी वाजली. आई म्हणाली, “कुठं निघाले म्हणून विचारू नगंस.” मी विचारलंच नाही. मला वाटलं, साहेबांच्या मागोमाग माफी मागायला गेले असतील. तसं वाटलं आणि मी बापावर मनातल्या मनात असे काही शब्द वापरले की ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

जेवायला ते उशिरा आले. पेढ्यांचा पुडा ओसरीवर तसाच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

सभा कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. पुढे टेबल, त्यावर पांढरी चादर, कोर्टाने अध्यक्ष नेमलेले कोल्हापूरचे वयस्कर हुपरीकर वकील, एका बाजूला पाटणकर, दुसऱ्या बाजूला दादासाहेबांचे दोघे मुलगे आणि त्यांच्याशेजारी, काळा कोट घालून, तेलंग सर. खुर्च्या मोजक्याच मांडल्या होत्या. मी भागधारक नव्हते, त्यामुळे मला आत शिरू देईनात. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. जाळी होती, काच नव्हती, सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

सरांनी मला पाहिलं. भुवया वर गेल्या. ते उठून खिडकीशी आले.

“सुतार? तू इथे काय करतेस?”

“हे माझं गाव आहे, सर. तुमचे ते विश्वासातले गृहस्थ माझे वडील.”

सर हळू आवाजात म्हणाले, “मला माहीत नव्हतं.” ते खरं असावं. पण माहीत असतं तरी त्यांनी काही वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही, कारण ते वकील होते आणि पक्षकार त्यांचा होता.

आबा आले. धुतलेलं धोतर, कोट, फेटा. दसऱ्याला घालतात तो फेटा. ते सरळ जाऊन पहिल्या रांगेत बसले. माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि मग बाहेर रस्त्यावर आवाज सुरू झाला. आधी मला वाटलं पाळी सुटली. पण माणसं फाटकाकडून बाहेर जात नव्हती, आत येत होती. दत्तू लोहार पुढे, त्याच्याही डोक्याला फेटा. मागे भट्टीवाले, रंगखात्यातले, निवृत्त झालेले काठी टेकत. बायकाही होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. पारूबाई कांबळे तोंड वळवून माझ्यासमोरून गेली. खुर्च्या केव्हाच संपल्या, लोक भिंतीला टेकून, जेवणाच्या बाकांवर, दाराच्या पायऱ्यांवर. मी जाळीला घट्ट धरून उभी होते.

पाटणकर उठले. “अध्यक्ष महाराज, या सगळ्यांच्या प्रॉक्सी आधीच जमा आहेत. त्यांना बसायचं तर बसू दे, पण मतपत्रिका द्यायचं कारण नाही. त्यांच्या वतीने ज्योतिराम सुतार मत देतील.”

हुपरीकर वकिलांनी चष्मा सरकवला. “तेलंग, तुमचं काय म्हणणं?”

सर उठले, कागद चाळू लागले. त्यांना वेळ हवा होता आणि मला तो द्यायचा नव्हता.

“सर!” मी खिडकीतून ओरडले. “प्रॉक्सी देणारा स्वतः आला की प्रॉक्सी गळून पडते! माणूस समोर उभा असताना त्याच्या प्रतिनिधीला कोण विचारतं? तुम्हीच शिकवलंत!”

अख्खी सभा माझ्याकडे वळली. पाटणकर म्हणाले, “तिला बाहेर काढा.” कुणीतरी म्हणालं, “बाहीरच हाय की ती!” आणि लोक खदाखदा हसले.

हुपरीकर वकील हसले नाहीत. “ही कोण?”

“माझी विद्यार्थिनी,” तेलंग सर म्हणाले.

“ती म्हणते ते बरोबर आहे का?”

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाच मिनिटं युक्तिवाद करून सभा गोंधळात टाकली असती, एवढी ताकद त्या माणसात होती. त्यांनी तसं केलं नाही. ही गोष्ट मी आजही माझ्या वर्गात सांगते.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “हजर असलेल्या प्रत्येकाला मतपत्रिका द्यावी लागेल.”

हुपरीकर वकिलांनी योजना मराठीत समजावून सांगितली. मी ऐकत होते, त्यांनी एक शब्द गाळला नाही. कारखाना हलवायचा अधिकार या कलमापाशी आले तेव्हा भिंतीला टेकलेली माणसं पुढे सरकली. मग त्यांनी सांगितलं, नाव पुकारलं की एकेकाने टेबलाशी यायचं, बाजूने का विरोधात ते सांगून मतपत्रिकेवर सही करायची, सही येत नसेल तर अंगठा.

मालकांची मंडळी आधी झाली. बाजूने, बाजूने, बाजूने. मग यादीतलं पहिलं कामगाराचं नाव पुकारलं.

“ज्योतिराम बाळू सुतार.”

आबा उठले. फेटा सावरला. टेबलाशी गेले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बाजूनं.”

मला वाटलं माझ्या कानांत काहीतरी बिघाड झालाय. पाटणकरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आबांनी सही केली, लेखणी नीट आडवी ठेवली आणि जागेवर येऊन बसले. त्यांच्याकडे बघून सभेतली निम्मी माणसं तरी आता हो म्हणणार, हे माझ्याइतकंच पाटणकरांनाही कळलं होतं. लोकांचा हा भरवसा मी आदल्या दिवशी घरोघर पाहिला होता. आता तो कारखाना घेऊन बुडणार होता आणि मी जाळीबाहेर उभी राहून बघणार होते.

“दत्तात्रय लोहार.”

दत्तूकाका टेबलाशी गेले. आबांकडे वळून बघितलं. आबा समोर बघत होते.

“इरोधात,” दत्तूकाका म्हणाले.

मग भट्टीवाले. विरोधात. रंगखाते. विरोधात. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याने आधी टेबलाला नमस्कार केला, मग म्हणाला, “न्हाई,” आणि हुपरीकर वकिलांनी विचारलं, “न्हाई म्हणजे विरोधात ना?” तर तो म्हणाला, “न्हाई म्हंजे न्हाई.” पारूबाईने अंगठा असा दाबला की शाई चादरीवर उमटली. कुणी हळू बोललं, कुणी ओरडून, पण पाटणकरांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते कुणाला कळलं नाही.

निकाल सांगायला हुपरीकर वकील उभे राहिले. “शेअरच्या किमतीने बघितलं तर योजनेला प्रचंड बहुमत आहे. माणसांच्या संख्येने बघितलं तर प्रचंड विरोध आहे. कायद्याला दोन्ही लागतात. योजना नामंजूर.”

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोकांना पटकन कळलंच नाही. मग दत्तूकाकांनी मोठ्याने विचारलं, “म्हंजे कारखाना ऱ्हातोय न्हवं?” आणि वकील म्हणाले, “राहतो.” तेव्हा जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो.

मी आत घुसले, आता अडवायला कुणी नव्हतं. सर फाइली आवरत होते.

“सुतार, हा पक्षकार माझ्या ऑफिसचा मोठा पक्षकार आहे,” ते म्हणाले. “जूनमध्ये तुला घेता येणार नाही. तुला समजतं ना?”

“समजतं, सर.”

“वाईट वाटत नाही?”

“वाटतं. पण परत अशी सभा झाली तर परत ओरडेन.”

त्यांनी फाइलीची दोरी बांधली. “खिडकीतून नको,” ते म्हणाले. “सनद घे आणि आत येऊन ओरड.” ते गाडीकडे चालू लागले.

पाटणकर अजून टेबलापाशी होते. त्यांच्यासमोर आबा, हात मागे बांधून. मी जवळ गेले.

“मिस्त्री, मला एक सांगा. ही सगळी माणसं आली कशी? तुमच्या मुलीचं तर कुणी ऐकलं नव्हतं.”

“मी सांगितलं त्येना,” आबा म्हणाले. “काल तुमी गेल्यावर. गल्लोगल्ली सायकलीवरनं गेलो. म्हटलं, माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नगा, स्वतः या आन काय त्ये स्वतः बोला.”

म्हणजे सायकल माफी मागायला गेली नव्हती.

“आणि तुम्ही स्वतः बाजूने मत दिलंत!” पाटणकर म्हणाले.

“दिलं की. शब्द दिला हुता तुमाला. ज्योतिरामाचा शब्द मी दिला हुता, त्यो पाळला. दत्तूचा शब्द द्याया मी कोण?”

पाटणकरांचे कान लाल झाले होते. “उद्यापासून तुम्ही कामावर आहात असं समजू नका, मिस्त्री. मी तुम्हाला काढून टाकणार आहे.”

आबांनी फेट्याचा शेमला खांद्यावर टाकला.

“टाका की साहेब,” ते म्हणाले. “काढून टाकाया कारखाना तर ऱ्हायला.”